गाळ काढायचा राहिला

मामा जाऊन आता दीड महिना होतोय. मामींचा फोन आला तेव्हा मी कुकटपल्लीच्या ऑफिसात लिफ्टची वाट बघत उभी होते. "मामा गेले गं," एवढंच त्या म्हणाल्या... आणि माझ्या मनात आधी आली ती डॉक्टरांची चिठ्ठी. तिचं काय केलं, हे मी मामांना महिनाभर विचारलंच नव्हतं.

मामा पूर्व किनाऱ्यावरच्या एका सरकारी बंदराच्या हिशेब खात्यातून निवृत्त होऊन बरकतपुऱ्यात राहायला आले. हैदराबादला समुद्र नाही, पण भरती-ओहोटीची काळजी त्यांच्या घरात वर्षभर असे. बंदराचा वार्षिक अहवाल टपालाने येई. त्याला उशीर झाला की मामांचं जेवण कमी होई आणि तो आला की झोप उडे. पेन्शन तिथली, हे खरं. पण जीवही तिथेच अडकलेला. अहवाल ते मागून वाचत. पुढे साहेबांचे फोटो आणि कौतुक, खरं काय ते मागच्या टिपांत, असं त्यांचं म्हणणं. लग्नपत्रिकासुद्धा ते मागूनच उघडत आणि आम्ही त्यावरून त्यांना भरपूर चिडवत असू.

यंदा बंदराचा नफा वाढल्याचं ऐकून मी पेढे मागितले, तर मामा उखडले. "पेढे कायकू? यांनी गाळच काढला नाही. तो खर्च वाचला म्हणून नफा दिसतोय. समुद्र काय गाळ आणायचा थांबतो? म्हणे पुढच्या वर्षी काढू. एक दिवस जहाज बाहेरच उभं राहील, तेव्हा कळेल." एवढं बोलताना त्यांना धाप लागली. जिना चढतानाही लागते, हे मामींनी मला हळूच सांगितलं होतं.

मी त्यांना काचीगुड्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अँजिओग्राफी लिहून दिली, लवकर करा म्हणाले. रिक्षात मामांनी चिठ्ठीची घडी करून खिशात घातली. "पुढच्या महिन्यात बघू. तू नक्को परेशान होऊ." एरवी दुधाची पिशवी फुटली तरी धास्तावणारी मी, त्या दिवशी 'बरं' म्हणाले. पुन्हा रजा मागायची नव्हती, हे खरं कारण. मग महिनाभर ती चिठ्ठी रोज आठवे. पण फोन केला की विचारायची ते बंदराचंच. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, हे मला लहानपणापासून ऐकवलं गेलंय. या खेपेला राक्षस खरा होता आणि मीच तोंड फिरवलं.

गेल्या रविवारी मामींकडे गेले. खुर्चीशेजारी अहवाल तसाच पडलेला. मी तो मामांसारखा मागून उघडला. गाळाच्या टिपेखाली पेन्सिलीची रेघ होती, शेजारी मामांच्या बारीक अक्षरात दोनच शब्द: "तोवर काय?" आणि त्या पानात खूण म्हणून घडी घातलेली ती चिठ्ठी...

"काही महत्त्वाचं आहे का गं त्यात?" मामींनी स्वयंपाकघरातून विचारलं.

मी अहवाल मिटला. "नाही मामी," म्हटलं, "बंदराचंच आहे."