मांडणी शिकवणाऱ्या कुंदा मॅडम

कुंदा मॅडमची आणि माझी पहिली भेट कला महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या मुलाखतीत झाली. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मखमलाबादच्या मळ्यातून आलेली मी, "मांडणशिल्प म्हणजे काय?" या प्रश्नावर सरळ 'माहीत नाही' म्हणाले. मॅडमनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "घरी भांड्यांची मांडणी आहे ना? कोण लावतं?"

"मीच."

"मग येतंय की तुला!"

माझा प्रवेश पक्का झाला.

दुसऱ्या वर्षी मॅडमनी एक स्टीलची मांडणी खरोखरच महाविद्यालयाच्या दालनात आणली. वर पाटी लावली: 'समकालीन कलेचा इतिहास, तीन फळ्यांत'. वरची फळी कोरी, कारण जगात कुणी रिकामी खोलीच प्रदर्शन म्हणून दाखवली होती. मधल्या फळीवर एकसारखे बारा डबे, कारण कुणी एकच वस्तू पुन्हापुन्हा मांडून नाव कमावलं होतं. खाली कोथिंबिरीच्या जुड्या, कारण ढीगही कलेत जमा झाला होता. नऊवारी नेसून, हातात लाटणं घेऊन मॅडम स्वतःच गाइड झाल्या होत्या. लोक पोट धरून हसत होते आणि हसता हसता शिकत होते.

मला मात्र हसू फुटत नव्हतं. माझं लग्न ठरवायला पाहुणे येणार होते आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, मला कायमचं घरी न्यायला त्याच दुपारी येणार होते.

आप्पा आले. माझ्याकडे न बघता थेट कोथिंबिरीपाशी गेले.

"काय वो बाई, जुड्या अशा टाकत्यात का? घटकाभरात सुकून जातील ना!"

मॅडमनी लाटणं खाली ठेवलं. "मग तुम्हीच दाखवा."

आप्पांनी बाही सावरली, ओलं गोणपाट मागवलं, मुळं एका बाजूला करून जुडीवर जुडी रचली. गर्दी पुढे सरकून बघू लागली, मग टाळ्या पडल्या. मॅडमनी त्यांचं नाव विचारून पाटीवर आपल्या नावाच्या वर लिहिलं. आप्पा लाजले, पण मला न्यायचा हट्ट सोडेनात.

"हे शिकायला चार-चार वर्षं लागत्यात व्हय?"

"मला तीस लागली, आप्पा. तुमच्या लेकीला चारच पुरतील."

आप्पांनी पाटीवरचं आपलं नाव पुन्हा एकदा वाचलं. मग मला म्हणाले, "परीक्षा दे आदी. पाव्हण्यांचं मी बघतो." आणि एकटेच बसथांब्याकडे निघाले. मी दाराआड जाऊन मनसोक्त रडले.

मॅडमचा खेळकरपणा असा माणसांना आत ओढून घेणारा. पुढे अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांनी एका भंगारातल्या लेथ मशीनचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. कामगार हसले, त्या मशीनवर उमेदीची वर्षं घालवलेल्या एका मिस्त्रींनी मात्र पुढे होऊन दोन शब्द बोलायची परवानगी मागितली. मॅडम गुपचूप खाली, श्रोत्यांत जाऊन बसल्या. आज पंचाहत्तरीच्या सत्कारात त्या स्वतः शाल घ्यायला तयार झाल्या, हे आमचं नशीबच!

आता मीही चित्रकला शिकवते. हा लेख लिहायला घेतल्याचं आप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "माझ्याकडनं एवढंच लिही. पोरीला न्यायला गेलो व्हतो. रिकामा आलो, लय बरं झालं."

मॅडम, पंचाहत्तरी ओलांडताना तुम्हाला उदंड आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो. आणि लेकीला न्यायला आलेला प्रत्येक बाप तुमच्या दारातून असाच रिकाम्या हातानं परत जावो.