आत्याने आवाज खाली आणला

तीस वर्षं बसमध्ये "पुढे सरका!" म्हणून ओरडल्यामुळे आत्याचा आवाज निवृत्तीनंतरही चढलेलाच होता. तिने मीठ मागितलं तरी शेजारी दार उघडून बघत.

तिच्या भाच्याची मुलगी चार वर्षांची. मान धरवत नाही, बोलत नाही, घास पातळ करून चमच्या-चमच्याने भरवावा लागतो. घाई केली की ठसका. तिच्या आईबापांना सल्ले द्यायला सगळे हजर. मदतीला मात्र कुणी नाही.

एकदा आत्या दुपारी गेली, तर भाचेसून हातात टूथब्रश घेऊन उभी. सकाळपासून दात घासायचे राहिलेले.

"तुला नक्की काय हवंय गं?"

"आंघोळ," ती म्हणाली. "आतून कडी लावून."

"बरं. पुढच्या महिन्यापासून दर शनिवारी दोन ते पाच, मी."

त्याआधीचे चार शनिवार आत्या शिकली. उचलायचं कसं, टेकवायचं कसं, चमचा कुठल्या बाजूने न्यायचा. भरवणं जमलं. आवाज जमेना. ती बोलली की पोर दचकून लाकडासारखी ताठ व्हायची.

"आत्या, जरा हळू," भाचा म्हणाला.

"हळूच बोलतेय!" आत्या गरजली. पोर पुन्हा ताठ.

मग घरी आरशासमोर बसून तिने कुजबुजायचा सराव केला. पुढच्या शनिवारी पोरीच्या कानाशी जाऊन अगदी हळू म्हणाली, "पुढे सरका." पोरगी खुदकन हसली. आत्याने तेच वीस वेळा म्हटलं.

त्या दिवशी आईबाप पहिल्यांदाच दोघं मिळून बाहेर पडले. सिनेमा ठरला होता. बागेतल्या बाकावर जरा टेकले, ते थेट पावणेपाचला माळ्याने उठवलं.

"काय पाहिलंत?" आत्याने कुजबुजत विचारलं.

"झोप," भाचा म्हणाला. "फार छान होती."

पुढे आत्याचा गुडघा दुखावला, आणि एकाच माणसावर भिस्त ठेवून भागणार नाही हे तिला कळलं. तिने आपल्या बसच्या जुन्या ड्रायव्हरला पकडून आणलं, समोर बसवून सगळं शिकवलं. तो इतका सावकाश भरवतो की पोरगी मधेच डुलकी काढते. बुधवार आता त्याचा. भाचेसून तेव्हा पोहायला जाते, आणि परतल्यावर ओल्या केसांनीच लेकीला मांडीवर घेते.