लव्हिनाबाईंच्या घरावर उगवलेलं जंगल

अमेरिकेतल्या कॅट्सकिलच्या डोंगरात राहणाऱ्या लव्हिना ओव्हरबाग या बाईंनी आयुष्यात दोनच गोष्टींचा धसका घेतला होता: अस्वल आणि चित्रकार. त्यातल्या त्यात अस्वल परवडलं. ते एकदाच जेवून जातं.

चित्रकार जूनमध्ये उगवत आणि थंडी पडेपर्यंत खोली अडवून बसत. बाईंच्या कुरणात छत्र्या रोवत, रंग बिघडतो म्हणून गवत कापू देत नसत, आणि हाका मारूनही जेवायला न येता वर जेवण निवल्याची तक्रार करत. अठराशे छप्पनच्या उन्हाळ्यात आलेल्या व्हिटलॉकसाहेबांनी तर सहा आठवडे मेपलच्या पाकात बुडवून घावन हाणले.

बाईंनी सोसलं, कारण साहेबांचं चित्र न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लागणार होतं आणि साहेब रोज त्यांच्या घराकडेच तोंड करून बसत. नवऱ्याबरोबर ओंडका ओंडका रचून बाईंनी ते घर उभं केलं होतं. नवरा गेला, मुलं पश्चिमेला गेली. घर तेवढं उरलं. ते एकदा चित्रात गेलं की आपल्यामागेही राहील, एवढीच त्यांची आशा.

शेवटी साहेबांनी चित्रावरचं कापड काढलं. डोंगर होता, ओढा होता, सोनेरी ढग होते. घराच्या जागी हेमलॉकची गर्द झाडी. बाईंची गायसुद्धा गायब. खडकावर एक आदिवासी शिकारी मावळतीकडे बघत उभा.

घर कुठे गेलं, असं बाईंनी विचारलं. साहेबांनी समजावलं की हा आपल्या देशाचा चेहरा आहे. युरोपाकडे पडके किल्ले असतील, आपल्याकडे देवाच्या हातचं अस्पर्श रान आहे, त्यात कोंबड्यांचं खुराडं शोभत नाही.

“ही झाडं तोडायला आम्हाला वीस वर्षं लागली,” बाई म्हणाल्या. “तुम्ही एका दुपारीत परत लावलीत. आणि या शिकाऱ्याच्या माणसांना आपल्याच लोकांनी इथून हुसकलं ना? आता त्याला आणून उभा केलात आणि मला हाकललंत.”

“मनाला लावून घेऊ नका, बाई. जेवायला काय आहे?”

“अस्पर्श रानात चूल कुठली, साहेब? बसा त्या खडकावर. सोबतीला आहेच एक जण.”

बाईंनी दार लावलं. खिडकी मात्र मुद्दाम उघडी ठेवून पाव भाजायला घेतला. वास कुरणभर पसरला. देशाचा चेहरा तासभर तग धरून राहिला. मग साहेबांनी ब्रश उचलला, आणि थोड्या वेळाने ओलं चित्र खिडकीपाशी आणून धरलं. झाडांच्या शेंड्यांवर धुराची बारीक रेघ उठली होती.

बाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

“चूल नीट पेटलेली दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “आणखी थोडा धूर काढा. मग ताट वाढते.”