मायचं गोंदण

मलकापूरचा आमचा फोटो स्टुडिओ वडिलांच्या हातात चालला, माझ्या हातात आला आणि बंद पडला. उरल्या निगेटिव्हच्या पट्ट्या, डबेच्या डबे. मी स्कॅनर घेतला आणि सगळं खानदान कॉम्प्युटरात घालतोय म्हणून नातेवाइकांत मिरवत फिरलो.

पट्ट्यांवर धूळ फार, आणि पुसायचा मला कंटाळा. प्रोग्राममध्ये स्कॅन करतानाच डाग आपोआप काढायची सोय होती. ती चालू केली, चहाला गेलो. आलो तर चेहरे असे चकाचक, की मीच माझी पाठ थोपटली. मग पट्ट्यांचं काय काम? जुन्या फिल्ममधून चांदी काढणारा एक जण आमच्याकडे यायचा. सगळे डबे त्याला देऊन टाकले. त्याने ते त्याच आठवड्यात भट्टीत घातले. कामाचा माणूस, माझ्यासारखा नव्हे.

मग धामणगाव बढ्याहून मोठी बहीण आली. मायचा एकच फोटो होता, वडिलांनी काढलेला; भिंतीवरच्या प्रतीला कधीच वाळवी लागली होती. ताईला तो हवा होता. मी थाटात पडद्यावर मायचा चेहरा मोठा केला. ती चष्मा लावून पडद्याजवळ सरकली.

"काऊन रे, मायचं गोंदन कुठी गेलं?"

मायच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदलेले ठिपके होते. मशीनने ते धूळ समजून पुसले. मशीनचं सोडा, तिने माय कधी पाहिली नव्हती. मी महिनाभर तो फोटो लोकांना दाखवत होतो, आणि मला काही कमी दिसलं नव्हतं.

त्यात काय, परत बसवतो म्हणालो. माउस घेऊन बसलो. हनुवटीवर तीन, असं माझं म्हणणं. चार, असं ताईचं. ती पडद्यावर बोट ठेवायची, मी ठिपका द्यायचो. मग तो जरा खाली हवा, मग इतका खाली नको. दुपारपर्यंत मायच्या तोंडावर रांगोळी झाली. एकदा तर दोघंही हसलो. मग तिने चष्मा काढला.

"राहू दे बाबू. इथी येईस्तोर मले पाठ होतं. आता मलेबी आठवून नाई राह्यलं."

प्रिंट न घेताच ती बसला गेली. ठिपके अजून तसेच आहेत. त्यातले कोणते पुसायचे, हे आता कोणाला विचारू?