चंद्रोदयापूर्वीचा अंधार

कार्तिक वद्य चतुर्थी, सायंकाळचे सात. धूमकेतू रोज फिकट होत चालला होता. पूर्वी द्विनेत्रीतून सहज दिसे, आता मोठ्या दुर्बिणीतूनही कष्टाने. चंद्र उगवण्यापूर्वीचा अंधार ही अखेरची संधी होती. म्हणून परसात दुर्बीण मांडताना मी स्वयंपाकघरातील दिवा बंद करायला लावला.

असा धूमकेतू थेट पाहिल्यास हरवतो. नजर किंचित बाजूला ठेवली की पुसट डाग उमटतो. तो उमटला. मी पत्नीला हाक मारली.

"हात अडकलेत," ती आतून म्हणाली. "तुम्हाला चंद्र उशिरा हवा, मला लवकर. बाप्पानं ऐकायचं तरी कुणाचं?"

मी आत गेलो. संकष्टीचा उपवास असलेली ती अंधारात, बोटांनी चाचपत मोदकांच्या कळ्या पाडत होती. गॅसच्या मंद ज्योतीत तिचे वाफेने भाजलेले मनगट दिसले.

"दिवा का लावला नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, उजेड नको."

मला लाज वाटली. नजर बाजूला ठेवण्याची माझी सवय आकाशापुरती नव्हती. घरात मात्र त्या सवयीने मला काहीच दिसले नव्हते.

धूमकेतू अजून क्षितिजावर होता. मी दिवा लावला आणि तिच्या मनगटावर थंड पाण्याची धार धरली.