प्रशासक बाई

बायको गेल्यावर पाच महिने मी कॉम्प्युटरला हात लावला नाही. तो तिचाच होता. प्रताप नगरच्या घरात तिच्या शिलाई मशीनच्या बाजूला ठेवलेला, वरून जुन्या ब्लाउजपीसचं झाकण. वस्तीतल्या बाया तिच्याकडे माप द्यायला यायच्या. डोळ्यांनी कमी दिसायला लागलं तेव्हापासून ती माप वहीत लिहीत नव्हती, कॉम्प्युटरला बोलून ठेवायची. छाती छत्तीस, बाही नऊ, गळा मागून खोल मागते पण तिले शोभणार नाही. दुपारी मी पडलो की हे आतून ऐकू यायचं. तिचा आवाज दुसरा कुठंच भरून ठेवलेला नाही. फोटो आहेत, पण फोटो बोलत नाही.

एका सकाळी सून आंघोळीला गेलेली पाहून मी तो चालू केला. चोरासारखाच केला, खोटं काहून सांगू. पडद्यावर दोन नावं आली. एक माझं. दुसरं कोण्या बाईचं, मला माहीत नसलेलं. बायकोचं नाव कुठंच नव्हतं.

माझ्या नावावर दाबलं तर आत तिचा आवाज नाही. शोधत शोधत एका जागी दाबलं तर चौकट आली: पुढे जाण्यासाठी प्रशासकाचा पासवर्ड द्या. खाली त्याच बाईचं नाव.

मी सातवी शिकलो. पण प्रशासक म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. तीस वर्षं एका नगरपरिषदेत पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवले. निवडून आलेल्यांची मुदत संपली की सरकार प्रशासक बसवतं. माणूस बाहेरचा, पण त्याच्या सहीशिवाय एक नळ जोडला जात नाही. म्हणजे इथं बायको गेली, अन् तिच्या जागेवर कोणीतरी प्रशासक आणून बसवला. घरात आम्ही तिघं. मुलगा सकाळी आठला निघतो तो दिवस मावळल्यावर येतो. उरली सून.

ती केस पुसत बाहेर आली तशी मी विचारलं, “ही बाई कोण वं?”

तिनं वाकून पाहिलं. “मले काय माहीत, बाबा. तुमच्याकडचीच असन कोणी.”

“आमच्याकडं या नावाची कोणी नाही. तुझ्या ऑफिसातली आहे का?”

“माझं ऑफिस तुमच्या कॉम्प्युटरात काहून घुसन?”

“मग आईचं नाव कोणं काढलं?”

ती चूप झाली. माणूस चूप बसला की काहीतरी दाबून ठेवतो, असं माझं मत.

त्या दिवसापासून मी झाकणावर दोऱ्याची रीळ ठेवायला लागलो. बरोबर कोपऱ्यावर, लाल रीळ. कोणी झाकण उचललं तर ती हलणार. आठ दिवस रीळ हलली नाही. मला वाटलं, हुशार आहे, पाहून पुन्हा तशीच ठेवते.

नवव्या दिवशी कॉम्प्युटरचा डबा पिशवीत घातला अन् ऑटोनं सीताबर्डीला गेलो. दुरुस्तीवाल्यानं तो जोडला, पाहिला.

“त्या बाईले काढ,” मी म्हटलं. “अन् मले प्रशासक कर.”

“दहा मिनिटाचं काम आहे, काकाजी. पण तिच्या खात्यातलं सबकुछ उडन. वापस येत नाही. घरातली लेडीज आहे का कोणी?”

“घरातली असती तर नाव ओळखलं नसतं का मी?”

“तुमची मर्जी. पण लिहून द्या लागते, मागून भांडण नको.” त्यानं एक रजिस्टर पुढं सरकवलं. अमुक यांचं खातं माझ्या सांगण्यावरून काढलं, असं लिहून खाली सही.

मी हळू लिहितो. एकेक अक्षर पाहून पाहून त्या बाईचं नाव लिहिलं, अन् शेवटच्या अक्षरावर हात थांबला. हे नाव मी छापलेलं पाहिलं होतं. आमच्या लग्नाच्या पत्रिकेवर.

लग्न खाप्याला झालं, तिच्या माहेरी. वरात घरी आल्यावर माझ्या आईनं ताटात तांदूळ पसरून मला अंगठी दिली, अन् मी तांदळात तिचं नवं नाव लिहिलं. जुनं आता कोणी घ्यायचं नाही, आई म्हणाली. कोणी घेतलं नाही. मीही नाही. चव्वेचाळीस वर्षांत ते नाव माझ्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं.

दुरुस्तीवाला म्हणाला, “करता ना सही?”

मी ते पान फाडलं. तो रागावला, मी ऐकून घेतलं अन् डबा उचलला.

घरी येऊन सुनेला सगळं सांगितलं. मी तुझ्यावर शक केला, हेही सांगितलं.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “झाडू मारताना ती लाल रीळ रोज पाहत होती मी.”

तिनं त्या नावावर दाबून पासवर्ड म्हणून काहीतरी टाकलं. चुकलं. तेव्हा खाली बारीक अक्षरांत पासवर्ड आठवायची खूण आली, बायकोनंच लिहिलेली: यांनी ठेवलेलं. सुनेनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, “टाक, तुह्या सासूचं मी ठेवलेलं नाव टाक.” उघडलं.

आवाज होता. पहिलंच माप शेजारणीचं निघालं, कंबर सांगता सांगता बायको हसली होती. मी दोन मापं ऐकली अन् बंद करायला लावलं.

मग सुनेनं दाखवलं. बायकोच्या जुन्या नावापुढं प्रशासक, माझ्या नावापुढं साधा वापरकर्ता. हे तिनंच केलं होतं. दोन वर्षांआधी एकाचा फोन आला होता, तुमचा कॉम्प्युटर बिघडला म्हणे, अन् तो सांगत गेला तसं मी दाबत गेलो. तिनं येऊन प्लग ओढला. त्या दिवशी ती मला एक शब्द बोलली नाही. मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता.

“आता तुम्हाले प्रशासक करून देऊ का?” सुनेनं विचारलं.

“मले नको. सकाळीच उडवत होतो सगळं. तू हो.”

“नाव कोणतं टाकू? माहेरचं का इथलं?”

“तुझं जे असन ते. मले विचारू नको.”

तिनं टाकलं. मी चष्मा पुसला अन् एकेक अक्षर वाचून पाहिलं.