सेनोनचा पाव

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. एउसेबियामावशी चढली, आणि पायरीवरच म्हातारी झाली.

आमच्या खाणीच्या वस्तीत ती गोठवून वाळवलेले बटाटे विकायची. शेजारी माझी जांभळ्या मक्याच्या गरम पेयाची गाडी. तिचा एकुलता एक मुलगा सेनोन कामगार संघटनेचा चिटणीस होता. लष्कराने सत्ता घेतली त्या हिवाळ्यात सैनिकांनी त्याला खाणीच्या फाटकावरून उचललं आणि ट्रकमध्ये घातलं. त्यानंतर तो कोणाला दिसला नाही. मावशीचं मागणं एकच होतं: तो कुठे आहे ते सांगा. जिवंत असेल तर जिवंत द्या, नसेल तर हाडं द्या.

इथल्या न्यायाधीशाने सांगितलं, प्रेत आणा, मग बघू. पुढे नोएमी नावाच्या वकीलबाईने तक्रार थेट वॉशिंग्टनला, आमच्या खंडातल्या देशांच्या मानवाधिकार आयोगाकडे नेली. तिथे पहिला प्रश्न, देशातले सगळे दरवाजे ठोठावलेत का? ठोठावले होते, बोटं सुजेपर्यंत. मग तक्रार दाखल करून घ्यायची की नाही, एवढंच ठरेपर्यंत मावशीच्या वेण्या पांढऱ्या झाल्या. मध्ये सरकारने समझोत्याचा निरोप धाडला, की शाळेला सेनोनचं नाव देऊ.

"ती शाळा मला आई म्हणणार आहे का?" मावशीने विचारलं.

शेवटी आयोगाने अहवाल दिला की दोष सरकारचाच आहे. सरकारने तो कानामागे टाकला, तेव्हा आयोगाने प्रकरण परदेशात, सान होसे शहरातल्या मानवाधिकार न्यायालयात पाठवलं. वस्तीत लोकांना वाटलं, निकाल लागला. वकीलबाई म्हणाली, "नाही हो, खटला आत्ता कुठे सुरू होतोय." मी त्या दिवशी तिला गरम पेय फुकट दिलं नाही.

मग तिने खरी मेख सांगितली. आमच्या सरकारने त्या न्यायालयाचा अधिकार मान्य केला तो सेनोनला उचलल्यानंतर कितीतरी वर्षांनी. आधी झालेल्या खुनाला ते न्यायालय हात लावू शकत नाही. पण माणूस बेपत्ता असेल, तर तो गुन्हा रोज नव्याने चालूच राहतो. म्हणजे खटला जगायचा तर सेनोन मेलेला असून चालणार नव्हतं.

सुनावणीला मी मावशीबरोबर गेले, कारण एकटी ती विमानात बसेना. तिने आपला सणाचा घागरा आणि टोपी घातली होती. सरकारी वकील तरुण होता, फार गोड बोलायचा.

"आजी, नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी तुम्ही घरी टेबल मांडता?"

"मांडते की."

"मुलासाठी पाव करता?"

"बाळाच्या आकाराचा करते, वर मातीचा मुखवटा लावते. आणि एक शिडीच्या आकाराचा, आत्म्याला खाली उतरायला."

"असं टेबल कोणासाठी मांडतात?"

नोएमीबाईचं पेन थांबलं. मावशीने शपथ घेतली होती, आणि खोटं बोलणं तिला कधी जमलंच नाही. "मेलेल्यांसाठी," ती म्हणाली.

"धन्यवाद, आजी." तो खाली बसला.

नोएमीबाई घाईने उठली. "मावशी, सेनोन मेलाय असं वाटतं तुम्हाला?"

"जेवायच्या वेळी वाटतं. दार वाजलं की नाही वाटत," मावशी म्हणाली. "एवढ्या लांबून आत्मा यायचा आणि उपाशी परत जायचा, हे कसं चालेल? म्हणून मांडते. तो आला नाही तर पाव शेजारची पोरं खातात."

तीन न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते आम्हाला आजतागायत माहीत नाही.

परतल्यावर लेखी युक्तिवाद जायचे होते. नोएमीबाई वस्तीत आली, चहा न घेता बसून राहिली आणि म्हणाली, "मावशी, निकाल लागेपर्यंत टेबल नका मांडू. सरकारची माणसं पुराव्यासाठी फोटो काढतील." मला इतका राग आला की मी बाईला नाही नाही ते बोलले. मावशीने मलाच गप्प केलं. त्या नोव्हेंबरात तिने भट्टी पेटवली नाही. दुपारी बारा वाजता, आत्मे उतरतात त्या वेळेला, ती दाराकडे पाठ करून बटाटे निवडत होती. पुढच्या वर्षीही तेच झालं.

निकालाचं घोंगडं भिजतच पडलं आणि मावशीने अंथरूण धरलं. "वर गेले की आधी त्यालाच शोधीन," ती म्हणाली. "पण सापडला तर तुला कळवू कसं? आणि कळवलं तर खटला बुडेल." ती हसली, मग खोकला आला. जाण्याआधी तिने एवढंच बजावलं, "माझ्या टेबलावर त्याचा पाव ठेवू नकोस."

या वर्षी तिचं टेबल मी मांडलं. सुके बटाटे, कोकाची पानं आणि तिच्या तोंडवळ्याचा एकच पाव ठेवला. प्रार्थना म्हणणारे इलारिओनबाबा आले, तिच्यासाठी म्हटली, रिवाजाप्रमाणे प्रार्थनेचा मोबदला म्हणून पाव घेतला आणि उंबऱ्यात थांबले.

"पोराचंही नाव घेऊ का? आईबरोबरच जाऊ दे."

"नको बाबा," मी म्हणाले. "कोर्टाच्या कागदावर तो अजून घरी यायचाय."